बाईंनी न घातलेले डोळे

रायपूर राजधानी झालं आणि बाईंच्या ओसरीवर मैनांची रांग लागली. नव्या राज्याचा पक्षी पहाडी मैना ठरला होता, आणि नव्या राज्यात रोज कुठे ना कुठे कोणाचा तरी सत्कार होता. सत्कार म्हटला की शाल आली, नारळ आला आणि लाकडाची मैनाही आली. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरासमोर सरकारी गाड्या उभ्या राहू लागल्या. ड्रायव्हर दारातून विचारायचा, "मैडम, मैना हो गई क्या?" बाई पटाशीवरची नजर न काढता म्हणायच्या, "होऊन राहिली. अंडं फुटलं, आता पंख फुटून राहिले. चहा घेतो का?"

बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वडील रेल्वेत, वर्ध्याकडून इथे आले ते इथलेच झाले. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "सुताराचं स्थळ आलंच नाही नं बावा." निवृत्तीनंतर त्यांनी शिवणीच्या लाकडाचे पक्षी कोरायला घेतले आणि बघता बघता नोकरीत होत्या त्याहून जास्त बिझी झाल्या. मी तेव्हा भोपाळच्या ऑफिसातून नव्या राजधानीत बदलून आलेला, पन्नाशीचा माणूस. इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी झालो आणि आपसूक बाईंचाही झालो. त्यांचे अर्ज लिहायचे, त्यांना स्कूटरवर न्यायचं, साहेब लोकांशी हिंदीत बोलायचं, ही माझी कामं. त्या मला नावाने कधी हाक मारत नसत. "ए सेक्रेटरी" एवढंच.

म्हातारपणी बाईंचा हात कापायला लागला आणि म्हणून मोठी कामं सुटली, असं आज गावात सगळे सांगतात. ते खोटं आहे. ते कुठून निघालं हे मला माहीत आहे, कारण ते माझ्याच तोंडून निघालं. त्याकडे मी येतोच. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर नुकसान कशाचं झालं ते कळायचं नाही.

रविवारी सकाळी त्यांचा क्लास असायचा. नव्या विद्यार्थ्याला त्या बरेच दिवस पटाशीला हातच लावू देत नसत. त्याला बूढा तालाबावर पाठवत. तिथे एक पक्षी निवडायचा, तोच रोज पाहायचा, आणि रविवारी ओसरीवर येऊन त्याच्यासारखं उभं राहून दाखवायचं. "जो पक्षी तुह्या अंगात येत नाही तो लाकडात कसा येईन?" हे त्यांचं शास्त्र. शिकायला येणारी माणसं चांगली जाणती, हुद्द्याची. एका रविवारी मी गेलो तर बूढापाऱ्यातले दातांचे डॉक्टर बगळा होऊन एका पायावर उभे होते. बँकेचे मॅनेजर घुबडासारखी मान फिरवायच्या खटपटीत होते. आणि पोलिसातल्या इन्स्पेक्टर ताई, ड्यूटीवर जायचं म्हणून वर्दीतच, ओट्याच्या कडेवर उकिडव्या बसून खंड्यासारख्या खाली टक लावून होत्या. गल्लीतून भाजीवाली चालली होती. तिने टोपली खाली ठेवली आणि या लोकांना झालं तरी काय म्हणून घाबरून विचारलं, "ये मन ला का होगे दीदी?"

बाई म्हणाल्या, "कुछु नइ ओ. चिरई बनत हें."

ही माणसं चिमण्यापाखरं बनताहेत, यात भाजीवालीला काही वावगं वाटलं नाही. ती बसून पाहत राहिली आणि जाताना इन्स्पेक्टर ताईंना सांगून गेली की खंड्या एवढा वेळ विचार करत नाही, पटकन उडी मारतो. ताईंनी मारली. मग आठवडाभर लंगडत होत्या.

दातांचे डॉक्टर हे बाईंचे सगळ्यात तयार विद्यार्थी. दवाखान्यातली जुनी, बारीक हत्यारं ते घेऊन आले तेव्हा बाईंनी ती नवरीच्या दागिन्यांसारखी पदरावर मांडून पाहिली होती. पण डॉक्टरांवर त्यांची एक तक्रार कायम होती. "तुह्या हातात सफाई हाये डॉक्टर, पण तुले सगळं सारखं करायची खोड हाये. दोन पंख अगदी सारखे केले तं पक्षी नाही होत रे, कवळी होते."

डॉक्टर मान डोलवायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा कवळी घेऊन यायचे.

बाईंची खरी खासियत होती पक्ष्यांचे डोळे. पक्षी पूर्ण व्हायचा, रंग व्हायचा, पण डोळ्यांच्या जागी दोन खोबणी तशाच रिकाम्या राहायच्या. डोळे त्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसवत. पक्षी कुठे बसणार, त्याच्यासमोर काय असणार, हे पाहिल्याशिवाय त्याला नजर कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. मग मी स्कूटर काढायचो. मागे बाई, त्यांच्या मांडीवर धोतरात गुंडाळलेला आंधळा पक्षी, आणि पिशवीत एक डबी. डबीत रिठ्याच्या काळ्या बिया, लहान पक्ष्यांसाठी मोहरी, भारद्वाजासाठी लाल गुंजा, आणि चिकटवायला लाख. घरोघर या भेटीचा छोटा समारंभच व्हायचा. पोहे केलेले असत. बाई पोहे खात खात सगळ्या खुर्च्यांवर एकेकदा बसून घेत. घरात कोण कुठे बसतं, कोण जास्त बोलतं, कोण उठून निघून जातं, सगळं विचारत. खोबणीत बी किंचित पुढे की मागे, वर की खाली, एवढ्याशा फरकाने त्या पक्ष्याला कोणाकडे तरी पाहायला लावत. आणि तो खरंच पाहायचा.

एका घरी भारद्वाज दिला होता. घरच्यांची इच्छा की त्याने दाराकडे पाहावं. भारद्वाज दिसणं शुभ, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याचं भलं व्हावं. बाईंनी पोहे संपवले आणि त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारावर लावली. त्या घरात सासू आणि सून एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे बाईंना दुसऱ्या खुर्चीवरच कळलं होतं. महिन्याभराने सून मला बाजारात भेटली. म्हणाली, "दादा, बाईंना सांगा, तो पक्षी वळवून द्या. आम्ही दोघी त्याच्यासमोर गप्प बसलो की मेला असा बघतो!"

"मग?"

"मग काय, बोलावं लागतं!"

प्रदर्शनांचंही असंच. नागपूर, भोपाळ, एकदा दिल्ली. सगळीकडे 'हात लावू नये' अशा पाट्या असत. बाई आपल्या टेबलावरची पाटी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर खडूने लिहीत, 'हात लावून पाहा.' लोक समोशाचे हात घेऊन यायचे, पंखांवर तेलाचे ठसे उमटायचे. मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "पुसता येते रे. पोट्टे आयुष्यभर काचेतूनच पाहतीन काय?" नागपूरला जाताना गाडीत त्यांनी सारस मांडीवर घेतला होता, मान मोडू नये म्हणून. टीसी आला, तिकीट पाहिलं, सारस पाहिला आणि विचारलं, "माताजी, इसका?" बाई म्हणाल्या, "गोदी का बच्चा है, इसका नहीं लगता." टीसी शेजारी बसला आणि दुर्ग येईपर्यंत सारसाच्या मानेवरून हात फिरवत होता.

तर असं सगळं चाललं असताना नव्या रायपूरचं काम आलं. तिथे माझ्याच खात्याची एक मोठी सरकारी इमारत उभी राहत होती. तिच्या दालनात पहाडी मैनांची जोडी हवी होती, एकेक मैना शेळीएवढी. बाई तोवर मैनांना विटल्या होत्या. "त्या बिचारीले बस्तरच्या जंगलात राहू द्या नं," म्हणायच्या, "टेबलावर काहून आणून बसवता?" पण एवढं मोठं लाकूड त्यांच्या हातात कधी आलं नव्हतं. ओसरीवर दोन ओंडके आले आणि बाईंचा उत्साह असा की शेजारच्यांना दुपारी झोप मिळेना. पाऊसकाळ सरला, थंडी आली, तेव्हा मैना तयार झाल्या. एक मान वाकडी करून काही ऐकत असलेली, दुसरी तिच्याकडे जरा रागाने वळलेली. अंगावरचं काळं पीस असं की त्यात निळं दिसावं. असं काम त्यांनी आधी केलं नव्हतं, पुढेही त्यांना करायला मिळालं नाही.

टेम्पोतून मैना नव्या रायपूरला गेल्या. बाई मागे, त्यांच्यासोबत. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून जाताना ओरडून मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, इथं पाखरं तरी हायेत का रे? माणसं तं दिसत नाही!"

दालन पाहून त्यांचा चेहरा पडला. सगळीकडे रंगाचे डबे, खुर्च्यांवर प्लास्टिक. बाई एका प्लास्टिकवर बसल्या, मग दुसऱ्या. शेवटी डबी पिशवीतच ठेवून म्हणाल्या, "इथं अजून कोनी बसलंच नाही. कोनाकडे पाहायले लावू? माणसं येऊ दे, ऑफिस सुरू होऊ दे, मंग येतो मी."

माझे साहेब म्हणाले, "ये कैसे होगा? उद्घाटन सामने है. बिना आँख की मैना पर से पर्दा हटाएँगे?"

मी बाईंना पुन्हा विचारायला गेलो नाही. त्या नाहीच म्हणणार हे मला माहीत होतं. मी गेलो दातांच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "बाईंना विचारलंत का?" मी म्हणालो, "हो, त्यांनीच पाठवलंय." माझ्या नोकरीत तेव्हा एक बढती अडकली होती, आणि साहेबांची मर्जी राखणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं. डॉक्टर आले, दातांचं सिमेंट घेऊन आले, आणि अतिशय मन लावून चारही डोळे बसवून गेले. अगदी सारखे. अगदी मधोमध.

कार्यक्रमाला बाई पहिल्या रांगेत होत्या, ठेवणीतल्या चंदेरी साडीत. पडदा सरला. दोन्ही मैना पासपोर्टच्या फोटोसाठी बसल्यासारख्या समोर पाहत होत्या. ऐकणारी ऐकत नव्हती आणि रागावलेली रागावली नव्हती. टाळ्या झाल्या, पण सगळ्यांना काहीतरी खटकलं. प्रमुख पाहुणे साहेबांकडे झुकून म्हणाले, "ये ऐसे क्यों देख रही हैं?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी, क्षणाचाही विचार न करता, म्हणालो, "सर, मैडम की उमर हो गई है. अब हाथ काँपता है."

"ओहो," पाहुणे म्हणाले. साहेबही म्हणाले. आजूबाजूचे चारपाच जण म्हणाले. बाई चार खुर्च्या पलीकडे होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांना शाल देताना पाहुण्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना स्कूटरवर बाईंनी एवढंच विचारलं, "डोळे कोनं घातले?"

"इंजिनीअरच्या माणसांनी. मलाही न विचारता."

त्या दिवसापासून बाईंनी जगातल्या समस्त इंजिनीअरांशी वैर धरलं. डॉक्टरांना मी त्याच रात्री गाठून बजावलं की बाईंसमोर डोळ्यांचा विषय काढू नका, आणि ते बिचारे रविवारी मान खाली घालून ऐकत राहिले. मॅनेजरांचा जावई इंजिनीअर होता. तो पाया पडायला आला तर त्याला विचारलं, "तू बी काय कोनाचे डोळे घालत फिरतो का?"

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझं ते एक वाक्य दालनातून बाहेर पडलं आणि पायी चालत सगळ्या गावात गेलं. वाईट कोणी काही बोललं नाही. उलट सगळे प्रेमाने बोलायचे. 'आता मैडमला त्रास नको' म्हणून मैनांचं काम दुसरीकडे गेलं. प्रदर्शनांची आमंत्रणं येत राहिली, पण ती दिवा लावायला. "मले दिवा लावायले बोलावते आणि पक्षी आणू नका म्हणते," बाई म्हणायच्या, "मी काय काडेपेटी हाये?" हळदीकुंकवाला त्यांच्या हातातला कप कोणीतरी धावत येऊन धरायचं. पायरी उतरताना दोन्हीकडून दोन बायका कोपर धरायच्या. बाईंना हळूहळू कारण कळलं. मग त्यांनी आपल्या पद्धतीने खोडून काढायला सुरुवात केली. जिथे जातील तिथे सुईदोरा मागायच्या, चष्मा न लावता, हात लांब करून, एका झटक्यात दोरा ओवून दाखवायच्या. लोक टाळ्या वाजवायचे आणि म्हणायचे, "या वयातही किती जिद्द आहे!"

मी हे सगळं पाहत होतो. सेक्रेटरी मीच होतो. बढतीही मिळाली होती.

एके दुपारी गेलो तर बाई खिडकीशी उभ्या होत्या. उजवा हात उन्हात सरळ धरलेला, बोटं पसरलेली. मला पाहून म्हणाल्या, "इकडे ये. नीट पाहून सांग. कापते का रे?"

तो हात खुंटीसारखा स्थिर होता. बोटावर एक माशी येऊन बसली आणि निवांत पाय घासत राहिली.

"नाही बाई. कापत नाही."

"लोकं म्हणते नं पण. एवढी सगळी माणसं खोटं कशी बोलतीन? मलेच दिसत नसंन. नागपूरच्या डॉक्टरले दाखवून येऊ म्हणतो मी." मग म्हणाल्या, "सकाळपासून पटाशी घेतली नाही आज. भेव वाटून राहिलं."

बाई घाबरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी खाली बसलो आणि म्हणालो, "बाई, एवढी माणसं खोटं बोलली नाहीत. एकच बोलला." आणि सगळं सांगितलं. साहेब, डॉक्टर, सिमेंट, पाहुण्यांच्या कानाशी बोललेलं ते वाक्य.

बाईंनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे इंजिनीअर नव्हते?"

"नव्हते."

"मी इतकी वर्षं त्या लेकरायले उगाच शिव्या देऊन राहिली?"

"हो."

"बढतीसाठी?"

"हो बाई. माफी मागतो."

"मले काहून मागतो?" आता मात्र आवाज चढला. "माह्या हाताचं मले सांगून काय उपयोग? ज्यायले सांगितलं त्यायले जाऊन सांग. सगळ्यायले. मंग ये माफी मांगायले." आणि पटाशी उचलून त्यांनी समोरच्या ठोकळ्याचा असा एक सणसणीत कपचा काढला की तो गल्लीत जाऊन पडला.

मी सांगत फिरलो. साहेब निवृत्त होऊन नातवंडांत रमले होते. ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आप बड़े दिलवाले हैं. मैडम की इज़्ज़त के लिए इल्ज़ाम अपने सिर ले रहे हैं." कोणी बदलून गेलं होतं, कोणी वारलं होतं. जे भेटले त्यांनी चहा पाजला आणि माझंच कौतुक केलं. इन्स्पेक्टर ताईंनी तेवढं मानलं. पोलिसातल्या, त्यांना कबुलीजबाब ओळखता येतो. बाई रोज विचारायच्या, "आज कोनाले सांगितलं?" मी म्हणायचो, "मानत नाहीत, बाई." त्या म्हणायच्या, "मंग अजून सांग."

शिक्षा म्हणून मला क्लासमध्येही बसवलं. मी महिनाभर तलावावर जाऊन पाणकोंबडी पाहिली, ओसरीवर पाणकोंबडीसारखा चाललो, आणि मग जी कोरली ती पाहून डॉक्टरांनी विचारलं, "उपवासाचं रताळं का?" बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. डॉक्टरांवर त्यांचा राग नव्हताच. एकदा इन्स्पेक्टर ताईंच्या ओळखीने त्या नव्या रायपूरच्या दालनात पटाशी घेऊन गेल्या, डोळे काढायला. दातांचं सिमेंट काही हलेना. जास्त जोर लावला असता तर चेहराच फुटला असता. बाईंनी पटाशी ठेवली, डोळ्याभोवतीची कड बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "पक्कं काम करते हो पोट्टा." पुढच्या आठवड्यात जाऊन त्याच्याकडूनच कवळी बसवून घेतली.

पण मोठं लाकूड पुन्हा आलं नाही. क्लास शेवटपर्यंत चालला, शेजारपाजारच्या पोरांना चिमण्या मिळत राहिल्या, ओसरीवर हसणं कमी झालं नाही. फक्त कधीतरी बाई त्या ओंडक्यांच्या रिकाम्या जागेत उभ्या राहून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं मापायच्या, आणि मी आलो की हात खाली घ्यायच्या. माफी मागायला ये, असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. थोडक्या आजाराने, आदल्या रविवारी क्लास घेऊन.

मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. एकामागून एक वक्ते उठले. कापऱ्या हातांनी त्यांनी पक्ष्यांत प्राण फुंकला, असं प्रत्येकजण म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी माइक धरला आणि सरळ सांगितलं, "बाईंचा हात कधीही कापत नव्हता. त्या मैनांचे डोळे त्यांनी घातले नव्हते. मी दुसऱ्याकडून घालून घेतले आणि आपली कातडी वाचवायला खोटं बोललो." मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाहा, किती जीव होता यांचा त्यांच्यावर! अजून त्यांची लाज राखून राहिले."

आणि टाळ्या झाल्या. माझ्यासाठी.

तोंडाने सांगितलेलं माणसं आपल्या सोयीने ऐकतात, म्हणून आता लिहून काढलं. मी पंचाहत्तरीचा आहे, माझा हात चांगलाच कापतो, या ओळी दोनदा लिहाव्या लागल्या. नव्या रायपूरच्या दालनात त्या मैना आजही आहेत. कधी गेलात तर आधी माना पाहा, मग पंख, पायांची पकड. ते बाईंचं. डोळे माझ्या सांगण्यावरून घातलेले आहेत. आणि कृपा करून एवढं ध्यानात ठेवा की हे मी त्यांच्यावरच्या प्रेमापोटी लिहिलेलं नाही. हे असंच घडलं.